थोडासा करंट

मराठी घरात शिरताना चपला काढायच्या असतात. बख्शी का तालाबमध्ये एप्रिल ते जुलै त्या घालायच्या असतात. कारण खिडकीत लोखंडी कूलर असतो, त्याच्या पोटात पाणी असतं, पाण्यात पंप असतो, आणि या तिघांच्या संगनमतातून जे तयार होतं त्याला इथले लोक अदबीनं 'थोडासा करंट' म्हणतात.

लखनौ शहर सोडून सीतापूर रस्त्यानं उत्तरेला निघालं की हे गाव लागतं. नवाबी काळातल्या कुणा बक्षींनी तलाव बांधला, त्याचं नाव गावाला मिळालं. पुढे हवाई दलाचा तळ आला. तळामुळे देशभरातली माणसं इथे येतात आणि त्यांतली आमच्यासारखी काही नोकरी संपली तरी परत जात नाहीत. आंबा चांगला मिळतो, भाडं परवडतं आणि भांडायला कुणी तयार होत नाही. पुणेरी माणसाला सुरुवातीला हे शेवटचं फार जड जातं.

आमचे घरमालक, ज्यांना अख्खा मोहल्ला चच्चा म्हणतो, त्यांनी घर दाखवतानाच सांगितलं होतं, "भाईसाहब, कूलर में ज़रा-सा करंट है। मारता नहीं है, बस झुनझुनाता है।" गच्चीवरून गोमतीचा वारा येतो, हे ज्या सुरात सांगितलं, त्याच सुरात हेही. तक्रार नव्हती, इशारा नव्हता. वास्तूची माहिती होती.

आम्हीही जमवून घेतलं. कूलरखाली लाकडी पाट गेला. त्यात पाणी भरताना रबरी चप्पल आणि एक हात पाठीमागे, असा शिरस्ता पडला. बाथरूममधल्या गीझरसाठी वेगळे नियम होते: आधी बादली भरा, मग बटण बंद करा, मग नळाला हात लावा. टुल्लू पंपाला कुणी हातच लावायचा नाही, त्याचं बटण केरसुणीच्या दांड्यानं दाबायचं. पाहुणे आले की बायको पाणी आणि गुळाचा खडा देता देता ही आचारसंहिता समजावून सांगे. पाहुणे मान डोलावत, कारण त्यांच्या घरची आचारसंहिता याहून मोठी असे.

मग साताऱ्याहून आई आली.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायची. निवृत्त झाली, पण हे तिला कुणी नीट कळवलेलं दिसत नाही. आल्या दिवशी तिनं कूलरला हात लावला, झटकन मागे घेतला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"थोडासा करंट," मी म्हणालो.

"थोडासा म्हणजे किती?"

लखनवी तहजीबीत हा प्रश्न बसत नाही. थोडासा म्हणजे थोडासा. पण आईनं आठवडाभर घराचा अभ्यास केला आणि झटक्यांचं वर्गीकरण मांडलं: मुंग्या आणणारा, हात झटकायला लावणारा आणि देव आठवून देणारा. भातखंड्यांनी रागांची दहा थाटांत विभागणी केली आणि 1926 मध्ये लखनौलाच संगीताचं मॅरिस कॉलेज उभं केलं. इथल्या पसाऱ्याला शिस्त लावण्याची ही मराठी परंपरा आई पुढे नेत होती.

त्या अभ्यासाचं सार तिनं रात्री जेवताना सांगितलं. अंगातून एक मिलिअँपिअर गेला की कळतं. अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझील नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी स्वेच्छेनं पुढे आलेल्या माणसांच्या हातात विजेची तार देऊन, ती आपल्या आपण कुठवर सोडता येते, हे मोजलं. पुरुषांची सरासरी सोळा मिलिअँपिअरच्या आसपास निघाली, बायकांची साडेदहाच्या. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडतच नाही. आणखी पुढे गेलं की हृदयाचा ठेका चुकतो.

"अशा प्रयोगाला माणसं मिळाली?" बायकोनं विचारलं.

"विद्यापीठ होतं ना. विद्यार्थी कशालाही तयार होतात."

मी म्हणालो, आपल्या बोर्डात एमसीबी आहे की! कंपनीचा आहे, नवा आहे. आईनं माझ्याकडे नापास मुलाच्या पालकाकडे बघावं तसं बघितलं. एमसीबी तारांची काळजी घेतो, माणसांची नाही, ती म्हणाली. सोळा अँपिअरचा एमसीबी सोळा अँपिअरपर्यंत स्वस्थ बसतो, आणि माणसाला धोका सुरू होतो तो त्याच्या पाचशेव्या हिश्शापाशी. साधा नऊ वॅटचा दिवा लागतो त्याहून कमी विजेत माणूस विझू शकतो. एमसीबीला त्यात वावगं काहीच दिसत नाही. त्याच्या लेखी आपण एक छोटा दिवा असतो.

मग हवं ते काय? तर आरसीसीबी. आमच्या मिस्त्रींच्या भाषेत ईएलसीबी. त्याचं काम आईनं तिच्या नोकरीतल्या अनुभवावरून समजावलं. शाळेची सहल निघाली की बाई गाडीच्या दारात उभ्या राहून पोरं मोजतात, आणि परतताना पुन्हा मोजतात. जितकी गेली तितकी आली पाहिजेत. एक जरी कमी भरलं तरी गाडी हलत नाही. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तितकाच परत यायला हवा. या पेटीत दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा सारखा असेल तर कड्यावर दोघांचा परिणाम शून्य. कमी आला, म्हणजे वाटेत कुठेतरी उतरला: कूलरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा आपल्या अंगातून. तीस मिलिअँपिअरचा फरक पडेपर्यंतच ही पेटी घराची वीज तोडते, डोळ्याचं पातं लवायच्या सुमारास.

ही युक्ती तिनं आधी पाहिली ती न्यू जर्सीत, माझ्या बहिणीकडे. तिथे मोरीपाशी आणि ओट्यापाशी असलेल्या प्रत्येक सॉकेटलाच दोन बटणं असतात, एक तपासायला आणि एक पुन्हा चालू करायला. डॅलझीलसाहेबांचीच करणी. ती सॉकेटं पाच-सहा मिलिअँपिअरलाच पडतात. आपल्याकडे तशी सॉकेटं सहसा दिसत नाहीत; आपण बोर्डातच पेटी बसवून अख्ख्या घराचा बंदोबस्त करतो.

पेटी आणायला आम्ही लखनौला लाटूश रोडवर गेलो. दुकानदारानं आधी पाणी विचारलं, मग चहा, मग सातारा कुठे आलं, आणि मग शंभर मिलिअँपिअरची पेटी दाखवून म्हणाला, "माताजी, ये ले जाइए, ये बार-बार गिरती नहीं है।"

"न पडणारी मला कशाला?" आईनं मराठीतच विचारलं. शंभराची, तीनशेची पेटी आगीपासून बचावाला ठीक, माणसासाठी तीसचीच. वर आयएसआयचं चिन्ह आणि 12640 हा मानक क्रमांक आहे का, हे तिनं चष्मा पुसून वाचलं. दुकानदारानं नंतर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की माताजी सरकारी तपासणीवर आहेत का.

पेटी मी स्वतःच बसवावी, असं बायकोचं मत होतं, कारण मोहल्ल्यात सगळे तसंच करतात. आईनं नियम काढला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2010 च्या नियमावलीनं घरच्या माणसाला दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलायची मुभा दिली होती. वायरिंगचं काम मात्र परवानाधारकाचं. पाच किलोवॅट आणि त्यावरच्या जोडणीला अशी पेटी बसवावी, हेही तिथेच होतं. तेव्हा परवाना असलेले मिस्त्री शोधले. ते आले, खिशातून टेस्टर काढला, मेन स्विच पाडला आणि म्हणाले, "लाइन बंद है।"

"कशावरून?" आई म्हणाली.

मिस्त्रींच्या आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा. आईनं त्यांच्याकडून आधी शेजारच्या चालू पॉइंटवर टेस्टर लावून घेतला, पेटतो का बघितलं. मग बोर्डात लावला. तो पेटला. मेन बंद होता, पण इनव्हर्टर चालू होता, आणि इनव्हर्टरला मेनशी देणंघेणं नसतं. लखनौ परिसरात मेन स्विच पाडून निर्धास्त होणाऱ्या माणसानं हे भिंतीवर लिहून ठेवावं. इनव्हर्टरही बंद केला, त्याची पिन उपसली, पुन्हा टेस्टर लावला, मग पुन्हा चालू पॉइंटवर लावून तो जिवंत असल्याची खात्री केली, आणि मगच आईनं पेचकस हातात घेऊ दिला. "माताजी, ऐसे तो शाम हो जाएगी," मिस्त्री म्हणाले. "शाम होईल, शाम के बाद तुम भी घर जाओगे," आई म्हणाली. तिचं हिंदी कच्चं आहे, पण मुद्दा पोचला.

पेटी बसली. मीटरकडून आलेल्या तारा वरच्या बाजूला, घराकडे जाणाऱ्या खालच्या बाजूला, न्यूट्रल 'एन' लिहिलेल्या जागी. सगळे पेच आवळले, झाकण लागलं, मेन चढवला. खट्. पेटी पडली.

पुन्हा चढवली. खट्.

गंमत अशी की वीज गेली, आणि आमच्याकडे ती पाहुण्यासारखी नव्हे, घरजावयासारखी येते-जाते, तेव्हा इनव्हर्टरवर सगळं सुरळीत चाले. लाइट आली की लाइट जायची. चच्चा खुर्ची टाकून बघत बसले. मिस्त्रींनी निदान केलं, "मशीन ख़राब है। इसको बाईपास कर दें? सबके यहाँ किया है।"

हे वाक्य ऐकून मला मोहल्ल्यातल्या सगळ्या बोर्डांची कहाणी कळली. घराघरांत ही पेटी आहे, आणि घराघरांत ती दोन इंच तार जोडून निवृत्त केलेली आहे. चोर आला की भुंकतो, म्हणून कुत्र्याचं तोंड बांधलंय.

आईनं शांतपणे तारांचा माग काढायला लावला. इनव्हर्टरच्या सॉकेटला फेज कुणा जुन्या कारागिरानं थेट मीटरपाशी जोडला होता आणि न्यूट्रल मात्र पेटीच्या पलीकडच्या समाईक पट्टीतून. करंट एका दारानं जायचा आणि दुसऱ्या दारानं यायचा; मोजणारा बिचारा बोंब मारणारच. तो फेजही पेटीच्या खालून घेतला, आणि पेटी टिकली.

मग कूलर. त्याला दोन पिनांचा प्लग होता, तिसरी पिन कधीकाळी 'नडते' म्हणून निघाली होती. ती जाडी, लांब पिन मुद्दाम लांब असते: लावताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं म्हणून. आईनं तीन पिनांचा प्लग लावून घेतला, हिरवी तार पत्र्याला आवळून घेतली. अंगणात कोळसा आणि मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला. कूलर लावला. खट्.

"कूलर तो एकदम ठीक चल रहा था," चच्चा कळवळून म्हणाले.

ठीक चालत नव्हता. ठीक झटके देत होता. अर्थिंग नसताना गळणारी वीज कुणाच्या तरी हाताची वाट बघत पत्र्यात बसून राहायची, आणि हात लागेपर्यंत पेटीलाही पत्ता लागला नसता. आता तिला जमिनीची वाट मिळाली, म्हणून हात लागायच्या आधीच चोरी पकडली गेली. पंपाचं आवरण फाटलं होतं. पंप बदलला, आणि कूलर वर्षानुवर्षांनी नुसता गार वारा देऊ लागला. गीझरचा रॉडही असाच पकडला गेला.

आई आता रोज सकाळी तुळशीला आणि मग अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घालते, कारण कोरड्या मातीत अर्थिंग उपाशी राहतं. चच्चांनी बरेच दिवस बघून शेवटी विचारलंच, "बहनजी, इसमें से निकलेगा क्या?"

"काही निघणार नाही," आई म्हणाली, "म्हणून तर घालतेय."

या पेटीबद्दल मोठा गैरसमज होऊ नये, म्हणून तिच्या मर्यादाही सांगतो. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरून लाकडी पाटावर उभं राहिलात, तर तिच्या हिशेबात तुम्ही दिवाच आहात. ती पडणार नाही. जास्त भार झाला किंवा तारा चिकटल्या, तर ते एमसीबीचं काम, म्हणून दोघेही हवेत. आणि मुंग्या तर येणारच. ती झटका थांबवत नाही, लांबू देत नाही.

आपल्या घरात सगळेच जमवून घेणारे असतात. सासू सुनेशी, भाडेकरू मालकाशी, सगळे मिळून कूलरशी. ज्याच्याशी जमवून घ्यायचं ते किती धोक्याचं आहे, हे मोजणारा कुणीच नसतो. म्हणून घरात एकजण तरी हट्टी असावा, आणि तो तीस मिलिअँपिअरचा असला तर शेजाऱ्यांशी संबंधही बिघडत नाहीत. तुमच्या बोर्डात अशी पेटी असेल, तर तिच्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण आहे. महिन्यातून एकदा ते दाबा. पेटी पडली तर मालिका बघणाऱ्यांच्या शिव्या खा आणि पुन्हा चढवा. पडली नाही, तर त्याच दिवशी परवानाधारक मिस्त्री बोलवा. आणि तो म्हणाला, "बायपास करून देऊ?" तर त्याला चहा पाजा आणि दुसरा बोलवा.