स्कूटरचा सुधारक

पुणे शहरात सुधारकांची परंपरा जुनी आहे; परंतु समाज सुधारण्याचे काम बिकट, त्यात लोकांचे शिव्याशाप फार आणि निकाल दृष्टीस पडण्यास पिढ्या लागतात, हे ध्यानी आल्यावर ज्या काही कर्तबगार पुरुषांनी आपली दृष्टी मनुष्यमात्रावरून काढून घेऊन दारात उभ्या असलेल्या दुचाकीवर स्थिर केली, त्या पंथाचा एक प्रतिनिधी आमच्या वाड्यात राहतो. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, सरकारी खात्यातून सन्मानाने निवृत्त, अंगात बाह्यांची बनियन, उजव्या तर्जनीच्या नखाखाली कायमची काळी रेघ, आणि मुद्रेवर चिंता. ती संसाराची असती तर शेजाऱ्यांनी विचारपूस केली असती. पण ती मिश्रणाची असल्यामुळे कोणी त्या वाटेला जात नाही.

त्यांची स्कूटर किनेटिक होंडा. ज्या काळी स्कूटर म्हणजे सकाळी एका अंगावर कलती करून, मग तिला लाथा घालून, मग प्लग पुसून आणि शेवटी देवाचे नाव घेऊन सुरू करण्याची वस्तू होती, त्या १९८० च्या दशकात बटन दाबताच सुरू होणारे आणि गिअर बदलण्याच्या उपाधीतून डाव्या हातास मुक्त करणारे हे ९८ सीसीचे वाहन रस्त्यावर आले, तेव्हा सज्जनांनी त्याचे स्वागत केले व ते निमूटपणे चालवले. पण निर्दोष वस्तू सुधारकाच्या नजरेला खुपते. ह्या गृहस्थांनी सिलिंडर उतरवून पिशवीत घातला, कोल्हापूरच्या उद्यमनगरात नेऊन एका कारागिराकडून त्याला बोअर मारून आणला आणि त्यात दुसऱ्याच कुळातल्या गाडीचा पिस्टन बसवला. व्यास शेकडा आठने वाढला की घनफळ शेकडा सतराच्या आसपास वाढते, हा हिशेब ते भेटेल त्याला ऐकवतात आणि इतके व्याज कोणतीही पतपेढी देत नाही असेही वर सांगतात. नोंदणीच्या दाखल्यातील तपशिलात परस्पर फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते, हे त्यांना ठाऊक नाही असे नाही. नोकरीत असताना ज्यांनी पावतीवाचून टाचणीसुद्धा दफ्तराबाहेर जाऊ दिली नाही, तेच गृहस्थ ह्या बाबतीत मात्र 'ही दुरुस्ती आहे, फेरफार नव्हे' असा शेरा मारून प्रकरण दाखल दप्तर करतात.

इंजिन मोठे झाल्यावर सुख व्हावे, पण येथूनच खरी कैफियत सुरू होते. कार्ब्युरेटर म्हणजे मुठीत मावणारी वस्तू. तिच्या अरुंद कंठातून हवा वेगाने गेली की तेथील दाब उतरतो आणि खालच्या हौदातले पेट्रोल बारीक छिद्रावाटे वर ओढले जाऊन हवेत फवारले जाते, एवढेच तिचे तत्त्व. १८९३ साली ज्यांनी ह्या युक्तीचे पेटंट घेतले त्या बुडापेस्टच्या बांकी आणि चोंका ह्या जोडीला ही कल्पना तोंडाने फुलांवर पाणी फुंकणाऱ्या एका फुलवालीला पाहून सुचली, अशी आख्यायिका आहे; फुलवालीचा विसर जगाला पडला, त्रास मात्र मागे राहिला. रेस थोडी असताना पायलट जेटचा अंमल, मधल्या मुलखात सुईचा, आणि मूठ पूर्ण पिळली की मेन जेटचा, अशी वाटणी असली तरी ह्या परगण्यांच्या हद्दी एकमेकींत घुसलेल्या असतात, आणि एका ठाणेदाराची बदली केली की शेजारच्या दोघांकडून तक्रारअर्ज येतात. हवेचे वजनाने पावणेपंधरा भाग आणि पेट्रोलचा एक, हे पुस्तकी प्रमाण. ताकद हवी असेल तर हवा साडेबारा-तेरावर आणावी लागते. आणि वाढलेल्या इंजिनाला जुन्याच जेटवर उपाशी ठेवले तर टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून भर रस्त्यात सिलिंडरला मिठी मारतो.

म्हणून जेट. पितळेचे, तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढे, अंगावर आकडा कोरलेला. आकडा चढला की भोक मोठे. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांतून जमवलेला हा ऐवज ते पत्नीच्या जुन्या कुंकवाच्या करंड्यात ठेवत. चैत्रातल्या हळदीकुंकवाला घाईघाईत तोच करंडा बाहेर आला आणि एका सुवासिनीपुढे उघडला गेला. बाईंच्या बोटाला पेट्रोलचा वास आला, करंडा आत गेला, आणि सुधारकांची मुख्य तक्रार अशी की ह्या गडबडीत कोणीतरी एका जेटात कुंकू आहे काय हे टाचणी घालून पाहिले. जेटात टाचणी घालणे हे त्यांच्या धर्मशास्त्रात महापातक आहे, कारण त्याने भोक रुंदावते आणि अंगावरचा आकडा खोटा ठरतो. तो जेट त्याच दिवशी जातीबाहेर झाला.

दुसरे प्रकरण पट्ट्याचे. १९५८ साली हॉलंडच्या डाफ कंपनीने आपल्या छोट्या मोटारीत व्हेरिओमॅटिक नावाची जी योजना आणली, जिच्यामुळे ती मोटार पुढे जितक्या वेगाने जाई तितक्याच वेगाने मागेही जाऊ शके, तिचेच धाकटे भावंड ह्या स्कूटरच्या डाव्या अंगाला झाकणाआड नांदते. पुढच्या पुलीच्या पोटात सहा रोलर असतात. इंजिन फिरू लागले की ते केंद्रापासून बाहेर सरकतात, पुलीच्या तबकड्या जवळ ढकलतात, पट्टा वर चढतो, आणि मागच्या पुलीवरचा स्प्रिंग त्याला यथाशक्ति विरोध करतो. रोलर फार हलके झाले तर इंजिन ओरडते पण स्कूटर पुढचा वेग घ्यायला तयार नसते. फार जड झाले तर पट्टा घाईने चढून बसतो आणि चढावर सगळा कारभार ढेपाळतो. अर्ध्या ग्रॅमचाही फरक कळतो, असे ते म्हणतात, आणि आमचाही तसा अनुभव आहे. सहाही रोलर समान वजनाचे आहेत ह्याची खातरजमा घरच्या काट्यावर होईना, तेव्हा ते लक्ष्मी रस्त्यावरच्या एका सराफाकडे गेले. ऐन लग्नसराई होती. सराफाने रुमालातून निघालेले ते सहा काळपट दंडगोल एक-एक करून काट्यावर ठेवले, वजने कागदावर उतरवून दिली आणि अत्यंत अदबीने विचारले, "मोडीत द्यायचेत, की काही घडवून हवंय?"

आता खरा वाद. आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, ह्यावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या शहराने जेवढी शाई खर्च केली, तेवढीच जिव्हाशक्ती आमच्या वाड्याच्या ओट्यावर आधी मिश्रण की आधी रोलर ह्या प्रश्नावर खर्च झालेली आहे. सुधारकांचे मत, मिश्रण शुद्ध झाल्यावाचून रोलरला हात लावणे अनाचार होय. समोरच्या बिऱ्हाडातले निवृत्त ड्रॉइंगमास्तर, हे दुसऱ्या पक्षाचे पुढारी, म्हणतात की इंजिन कोणत्या फेऱ्यांवर राहणार हे रोलर ठरवतात, आणि तेच ठरले नाही तर मिश्रण कशाचे जमवता? दोघांचेही म्हणणे बरोबर आहे, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. जेट बदलला की ताकदीची जागा सरकते, म्हणून रोलर बदलावे लागतात, आणि रोलर बदलले की फेरे बदलतात, म्हणून पुन्हा जेट. पिस्टन वाचेल इतपत जेट आधी मोठा करावा, मग रोलर जमवावेत, आणि शेवटी जेट बारीकसारीक कमी करीत आणावा, असा मार्ग आम्ही सुचवून पाहिला. दोन्ही पक्षांनी आम्हांस एकमताने मवाळ ठरवले.

परीक्षेची जागा कात्रजचा चढ. तेथे पूर्ण रेसवर गाडी दामटायची, एकाएकी इंजिन बंद करायचे आणि कडेला उतरून प्लग काढून त्याचा पंचनामा करायचा: पांढरा पडला असेल तर पेट्रोलची उपासमार, काळा व ओला असेल तर उधळपट्टी, तपकिरी असेल तर न्याय. शिरवळच्या एका लग्नाला पतिपत्नी निघाली असता हा विधी बोगद्याच्या अलीकडे पार पडला. बाई पैठणी सावरीत दगडावर बसल्या होत्या.

"अहो, मुहूर्त टळेल."

"अक्षता काय, मागाहूनही टाकता येतील. इंजिन क्षणभर नुसतं चालू राहिलं असतं तर पुरावा बुडाला असता."

पुरावा तपकिरी निघाला. तरीही परत येताच झाकण उघडले गेले, कारण पुलीवर स्केचपेनने ओढून ठेवलेली रेघ पट्ट्याने कोठवर पुसली हे पाहावयाचे राहिले होते. रेघ कडेपासून दोन-तीन मिलिमीटर शाबूत होती. म्हणजे पट्टा शेवटपर्यंत चढतच नव्हता. म्हणजे एवढा चढ, एवढा वेग आणि ती अक्षतांची ओढाताण अपुऱ्या पट्ट्यावर झाली होती. त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही. नातवंडांना घेऊन सगळे कुटुंब महाबळेश्वरास गेले तेव्हा हे स्कूटरवरून मागाहून निघाले, साडेचार हजार फुटांवर हवा विरळ होऊन मिश्रण जड होणार म्हणून पाचगणीला थांबून त्यांनी एक अंक लहान जेट घातला, आणि उतरताना तो काढण्यासाठी पुन्हा थांबले. स्ट्रॉबेरी त्यांनी पाहिली की नाही, ह्याविषयी घरात दुमत आहे.

कोपऱ्यावरच्या गॅरेजातला पोरगा ह्या विद्येत तरबेज. त्याचे कान हेच त्याचे यंत्र. त्याने एका संध्याकाळी मूठ दोनदा पिळून पाहिली, हात पुसले आणि काकुळतीने म्हणाला, "काका, पाया पडतो. गाडी मस्त चालतीये. आता हात नका लावू." काकांनी त्याच्याकडे ज्या करुणेने पाहिले, तशी करुणा आम्ही फक्त कीर्तनकारांच्या मुद्रेवर पाहिली आहे. सन २०२० च्या एप्रिलात भारत स्टेज ६ ची मानके लागू होऊन नव्या स्कूटरींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला आणि मिश्रणाचा सर्व कारभार एका सीलबंद संगणकाकडे गेला, तेव्हा जावयाने आणलेल्या नव्या गाडीभोवती त्यांनी एक प्रदक्षिणा घातली, फिरवायला एकही स्क्रू कोठे दिसत नाही असे पाहिले आणि जावयाच्या पाठीवरून हात फिरवला.

शेवटी एक दिवस असा उजाडला की जेट, सुई, रोलर, स्प्रिंग सगळे जमले, रेघ पूर्ण पुसली गेली, प्लग तपकिरी आणि आयडल संथ. त्या आठवड्यात त्यांची प्रकृती ढासळली. मग त्यांच्यात मूलगामी परिवर्तन झाले, जसे पुष्कळ सुधारकांच्या उत्तरायुष्यात होते. कंपनीने जे घडवले तेच खरे, हा मोठा सिलिंडर म्हणजे परधर्म, असे ते बोलू लागले, आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन दिवसभर पथाऱ्या उपसून मूळचा अस्सल ९८ सीसीचा सिलिंडर पिस्टनसकट शोधून घेऊन आले. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून त्यांनी पिस्टनच्या माथ्यावरची काजळी पेट्रोलच्या बोळ्याने पुसली. खाली ५० असा आकडा कोरलेला निघाला. म्हणजे कोणा पूर्वसूरीने अर्ध्या मिलिमीटरचा बोअर आधीच मारून ठेवला होता.

ड्रॉइंगमास्तर सांत्वनाला म्हणून ओटा उतरून आले. पण काका उठून आत गेले होते, आणि करंडा कोठे ठेवलास असे पत्नीला मोठ्याने विचारीत होते.