चार फ्लॅटचा बिल्डर

मी चित्रकलेचा मास्तर. पोरांच्या वहीतली घरं तपासता तपासता आपणही एखादं बांधावं, असं वाटायला लागलं. कन्नडमध्ये वडिलांनी घेतलेला तीन गुंठ्यांचा एनए (बिगरशेती) प्लॉट पडून होता. शहाण्या माणसाने तो विकला असता. मला समाजसेवा सुचली.

आमच्याकडे शिक्षक, नर्स, बँकेतली पोरं अर्धीअधिक अपडाउन करणारी. कागदावर सगळे मुख्यालयी राहतात आणि संध्याकाळी अख्खं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरच्या एसटीत उभं असतं. साठेक किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं. गावात बंगला परवडत नाही आणि भाड्याच्या खोलीत संडास सामाईक. म्हणून खाली पार्किंग, वर दोन मजल्यांवर चार छोटे फ्लॅट, किंमत पगारदाराला झेपेल अशी. नकाशाही मीच काढला, रंगीत पेन्सिलींनी. इंजिनिअर साहेबांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, “सर, शेडिंग सुंदर आहे. फक्त जिना संडासातून वर जातोय.”

नियम मात्र मला पाठ होते. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली आली. छोट्या प्लॉटवाल्यांना तिने मोठी सोय केली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर नकाशा दाखल करून पैसे भरले की पावती हीच परवानगी. ३०० चौरस मीटरपर्यंत दहा दिवसांत निकाल. मी चौकात दोघाचौघांना चहा पाजून हे ऐकवलं. मग इंजिनिअर साहेबांनी गुंठ्यांचे मीटर केले. तीन गुंठे म्हणजे ३०३.५ चौरस मीटर! एका न्हाणीघराएवढ्या जागेने माझी गाडी चुकली. “तेवढी जागा रस्त्याला दान करू का?” मी विचारलं. ते म्हणाले, “करा, पण दानालाही मोजणी लागते.”

मग रीतसर मार्ग. मोजणी नकाशा, मंजूर लेआउट, एनए आदेश, थकबाकी नसल्याचा दाखला. एनए आदेशात वडील ‘राव’ होते, मालमत्तापत्रकावर ‘राव’ गळाला होता. एका कार्यालयात साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, त्या दोन नावांवर पेन्सिलीने दोन गोल काढले आणि विचारलं, “हे दोघे कोण?” दोघे एकच, असं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. घरी कळल्यावर बायको म्हणाली, “अहो, मामंजी असते तर त्यांनी तुम्हालाच ओळखायला नकार दिला असता.”

गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेराची भीती नव्हती. ५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील, तर नोंदणी लागत नाही. मी छाती काढून बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी आधी गृहकर्जाचा फॉर्म परत घेतला. विकायला घरं बांधणं म्हणजे धंदा, त्याचा व्याजदर वेगळा. शिवाय उद्या फ्लॅट घेणारा कर्जाला आला, तर महारेरा नंबर कुठाय, असं ते विचारणार. सूट मिळालेल्याला नंबर नसतो, हे मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, “मग नंबर कधी आणताय?”

खरा दणका वकिलांनी दिला. चार फ्लॅटना चार मालक करायचे, तर घोषणापत्र लागतं. ते महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायदा, १९७० प्रमाणे होतं आणि त्या कायद्यात इमारत म्हणजे पाच किंवा त्याहून जास्त अपार्टमेंट असलेली. थोडक्यात, चार फ्लॅटची माझी इमारत त्या कायद्याला दिसतच नाही. “मग पाचवा काढा,” वकील म्हणाले. पाचवा काढला की पार्किंग वाढतं. पार्किंग वाढलं की प्लॉटच्या बाजूचं मोकळं अंतर जातं. ते राखलं की पाचवा फ्लॅट जातो. इंजिनिअर साहेबांनी खोडरबर माझ्यापुढे सरकवलं. तेवढं एक काम मला जमतं.

माझा मेहुणा या सगळ्याची मजा बघत होता. त्याने गावाबाहेर एक गुंठा घेतला तो बाँडवर, नकाशा पास न करता घर बांधलं, वर दोन भाडेकरू ठेवले. २००१ च्या गुंठेवारी कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. तो म्हणाला, “दाजी, तुम्ही आधी परवानगी मागता, म्हणून अडकता.” यावर मला उत्तर सुचलं नाही.

माझं म्हणणं एवढंच. एक घर बांधणाऱ्याला सवलत आहे. शंभर घरं बांधणाऱ्याकडे वकील, आर्किटेक्ट आणि फायली फिरवायला माणूस आहे. मधली चार-सहा घरं बांधणारा मात्र दोन्हीकडून बाहेर, आणि तालुक्याच्या गावाला गरज नेमकी त्याच घरांची आहे. सरकारने चार ते आठ फ्लॅटचे दोन-तीन नकाशे आधीच मंजूर करून ठेवावेत, अपार्टमेंट कायद्यातल्या पाचाचे तीन करावेत आणि ३०० चौरस मीटरच्या मर्यादेत आमचे तीन गुंठे बसवावेत. ते होईपर्यंत प्लॉट घेणाऱ्यांना मास्तरचा सल्ला: गुंठ्यात भाव करा, पण सही करण्याआधी मीटरमध्ये मोजून घ्या.