जसे आहे, जेथे आहे

नवी मुंबईत सानपाड्यात राहणाऱ्या माणसाला फेरारीच्या लिलावाचं गणित फोडून सांगावं लागत नाही. तो त्या गणितातच राहत असतो. आमच्या इमारतीचंच बघा. जिन्यातल्या खांबांच्या सळ्या उघड्या पडल्यात, गच्चीवर ताडपत्री अंथरली आहे. मागच्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या आमटीत वरून प्लास्टरचा पोपडा पडला. काकांनी तो चमच्याने बाजूला काढला, आमटी संपवली आणि एजंटला फोन लावला. फ्लॅटचा भाव पाच लाखांनी वाढला होता. इमारत जितकी खचते तितका पुनर्विकास जवळ येतो आणि पुनर्विकास जितका जवळ येतो तितका भाव चढतो. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये इमारत सी-१ ठरली, म्हणजे अतिधोकादायक, तर आमच्याकडे लोक घाबरत नाहीत; पेढ्यांची वर्गणी काढतात. कारण घेणारा भिंती घेतच नाही. तो खालची जमीन घेतो, एफएसआय घेतो आणि शेअर सर्टिफिकेटवरचं नाव घेतो.

एवढं कळलं, की कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे ऑगस्ट २०२३ मध्ये झालेला लिलाव आपोआप कळतो. तिथे १९५४ सालची फेरारी ५०० मोंडियाल स्पायडर विकायला होती. 'गाडी' हा शब्द मी सौजन्याने वापरतोय. साठच्या दशकात शर्यतीत आपटून ती जळाली. पुढे ती फ्लोरिडातल्या एका कोठारात जाऊन पडली. २००४ साली चार्ली नावाचं चक्रीवादळ आलं आणि त्या कोठाराचं छप्परही खाली आलं. मूळ इंजिन कधीच गेलेलं. फोटोत दिसतो तो चुरगाळलेला, तांबूस पत्रा. तुर्भ्याच्या भंगारवाल्याने तो पाहून आधी वजनकाटा काढला असता आणि मग, "शेठ, यात ॲल्युमिनियम किती?" असं विचारलं असतं. लिलावात त्या पत्र्याला १८ लाख ७५ हजार डॉलर आले. आपले साडेपंधरा कोटी!

एवढ्या पैशांत त्या माणसाला मिळालं काय? चासी नंबर. पिनिन फारिनाने बांधलेल्या अशा स्पायडर अवघ्या तेरा आणि त्यांतल्या एकीचा नंबर आता त्याच्या नावावर. त्या नंबरभोवती तो दुसरं इंजिन बसवील, नवा पत्रा ठोकून घेईल, रंग देईल आणि मग ती '१९५४ ची फेरारी' म्हणून दिमाखात फिरेल. म्हणजे पुनर्विकासच. फक्त मधल्या काळात भाडं मिळत नाही.

लिलावाच्या कॅटलॉगची भाषाही आमच्या बिल्डरांच्या ब्रोशरांत मुरलेल्या माणसाला चटकन समजते. 'वयाला शोभेल अशी झळाळी' म्हणजे गंज. 'मूळ रंग बऱ्याच अंशी शाबूत' म्हणजे उरलेल्या अंशी उडालेला. 'दर्दी माणसासाठी उत्तम प्रकल्प' म्हणजे गाडी सुरू होत नाही. 'पाम बीच व्ह्यू' असलेला फ्लॅट ज्याने पाहिला आहे आणि तो व्ह्यू न्हाणीघराच्या झरोक्यातून, तोही स्टुलावर चढून दिसतो हे अनुभवलं आहे, त्याला असल्या कॅटलॉगने गंडवता येत नाही.

पॅरिसमध्ये तर धुळीलाच भाव आला. फ्रान्सच्या एका खेड्यात बायों नावाच्या घराण्याच्या जुन्या गाड्या कित्येक दशकं शेडमध्ये कुजत पडल्या होत्या. त्यांत एक फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर होती आणि तिच्यावर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले होते. नट आलँ दलों याचा तिच्याबरोबरचा फोटो सापडला, मग काय विचारता! फेब्रुवारी २०१५ मध्ये ती १ कोटी ६० लाख युरोंच्या वर गेली. लिलाववाल्यांनी गाड्या धुतल्या नाहीत. धुळीचे थर जपून मांडले.

ही हकिगत मी घरी सांगितली, तेव्हा आमच्या गाडीचाही विषय निघाला. वीस वर्षांहून जुनी आहे, सोसायटीच्या आवारात उभी असते आणि सेक्रेटरी दर सभेत तिच्याकडे बोट दाखवून 'बेवारस वाहने' या विषयावर बोलतात. भंगारवाल्याने तिला अठरा हजार सांगितले. टायर चांगले निघाले तर वीस.

"अहो, त्याला सांगा ना, हिच्यावरची धूळ मूळची आहे म्हणून," सौभाग्यवती म्हणाल्या. "आणि मागच्या सीटवर मासिकांचे गठ्ठेही आहेत."

सांगितलं. रद्दीचा भाव वेगळा लावीन म्हणाला.

तर मुद्दा असा, की धूळ कुठलीही चालत नाही. तिच्यामागे गोष्ट लागते. 'बुलिट' सिनेमात स्टीव्ह मॅक्वीनने पळवलेली हिरवी मस्टँग १९७४ साली एका गृहस्थाने ६ हजार डॉलरना घेतली. त्यांच्या पत्नी शिक्षिका. त्या ती शाळेत जायला वापरत. खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली, तरी या कुटुंबाने दिली नाही. नंतर ती बंद पडली, गंजली, पोचे आले ते तसेच राहिले. जानेवारी २०२० मध्ये ती त्याच गंज-पोच्यांसकट साडेसदतीस लाख डॉलरच्या आसपास विकली गेली. त्यांनी हौसेने डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं असतं तर भाव बहुधा पडलाच असता.

माझ्या सर्वांत आवडीची मात्र बुगाटीची गोष्ट. १९२५ च्या आसपासची ही रोडस्टर स्वित्झर्लंडमध्ये अडकली. मालक कस्टम ड्युटी भरेना, तेव्हा अधिकाऱ्यांनी ती साखळीला बांधून माज्जोरे तलावात सोडली, असं सांगतात. कधीतरी वर काढायची सोय म्हणून साखळी. साखळी तुटली. २००९ साली, सत्तरेक वर्षांच्या स्नानानंतर, गाडी बाहेर काढली. एक बाजू बरीचशी विरघळलेली. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या लिलावात तिला २ लाख ६० हजार ५०० युरो आले. ड्युटी वेळेवर भरली असती तर एवढी किंमत आली असती का?

ड्युटीवरून आपल्याकडे आठवतो तो सचिन. ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केली म्हणून फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना दिली. २००२ साली सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हातून किल्ली मिळाली. पुढे १ कोटी १३ लाखांच्या ड्युटीवरून देशभर कालवा झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी पैसे फियाटने भरले. २०११ मध्ये सचिनने ती सुरतेच्या एका व्यावसायिकाला विकली. घेणाऱ्याने बॉनेट उघडून ऑइल तपासलं असेल का? 'सचिनची फेरारी' म्हटल्यावर डिपस्टिक ओढायची हिंमत महाराष्ट्रात तरी कुणाला होणार नाही. रवी शास्त्रींना १९८५ मध्ये मेलबर्नला बक्षीस मिळालेली ऑडी मात्र २०२२ मध्ये दुरुस्त होऊन त्यांच्याकडे आली आणि माझ्या पिढीचे लोक टीव्हीवर ती पाहून हळवे झाले. त्यांतल्या कुणीही मायलेज विचारलं नाही.

नाव उलटंही फिरतं. नीरव मोदीची रोल्स रॉइस घोस्ट एप्रिल २०१९ मध्ये ईडीतर्फे ऑनलाइन लिलावात निघाली. गाडी ठणठणीत, मालकाचं नाव भंगारात. बोली आली १ कोटी ३३ लाखांची. नवी घ्यायला गेलं तर याच्या काही पट मोजावे लागले असते. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये दाऊदची हिरवी ह्युंदाई ॲक्सेंट मुंबईत लिलावात निघाली होती. राखीव किंमत १५,७०० रुपये. स्वामी चक्रपाणी नावाच्या गृहस्थांनी ती ३२ हजारांना घेतली आणि गाझियाबादला नेऊन जाहीरपणे जाळली. गाडीच्या तब्येतीची अजिबात चौकशी न करणारा इतका सुज्ञ ग्राहक मी दुसरा पाहिला नाही.

आपल्या सरकारी लिलावांत एक कलम हमखास असतं: 'जसे आहे, जेथे आहे' या तत्त्वावर विक्री. जगभरच्या लिलाववाल्यांचा सगळा धर्म त्या चार शब्दांत आला. गाडी पाहा, हवं तर भोवती प्रदक्षिणा घाला, पण नंतर तक्रार चालणार नाही. आणि तक्रार करणार तरी कशाची? किंमत ठरवायला हट्टाला पेटलेली दोन माणसं लागतात. गाडीची तब्येत ठरवायला एक मेकॅनिक पुरतो. ही तिघं एका खोलीत सहसा भेटत नाहीत.

तेव्हा वाचकहो, जुनी स्पोर्ट्स गाडी घ्यायचा मोह झालाच तर मेकॅनिकला आधी न्या, पैसे नंतर. खिशात लोहचुंबक ठेवा. लोखंडी पत्र्यावर तो चिकटला नाही, तर रंगाखाली पुट्टी आहे असं समजा. चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहा, एकेक आकडा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमाप्रमाणे २० हजार रुपयांत 'व्हीए' मालिकेचा खास नंबर मिळतो, पण मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे ऑफिसला जायचं ते लोकलनेच. त्यात कमीपणा मानू नका. उघड्यावर न कुजता, वेळच्या वेळी तपासणी होऊन चालणारी जुनी वाहनं सानपाड्यात एकाच ठिकाणी मिळतात: हार्बर लाइनच्या कारशेडमध्ये. ती लिलावात निघालेली नाहीत आणि पासाच्या किमतीत मिळतात.