कॅनडाची अंकलिपी: जामनेरच्या नवशिक्यांसाठी

हे पुस्तक कोणासाठी

ज्यांचा मुलगा, मुलगी, पुतण्या किंवा शेजाऱ्याचा भाचा कॅनडात आहे आणि ज्यांना चहाच्या टपरीवर रोज एकदा तरी "तिकडं दूध काय भाव, भो?" याचं उत्तर द्यावं लागतं, त्यांच्यासाठी. ज्यांच्या घरातलं कोणीच गेलेलं नाही, त्यांनीही वाचावं. कॅनडाबद्दल जामनेरात सगळ्यात ठामपणे तेच बोलतात.

साहित्य

पाटी-पेन्सिल, साठचा पाढा, दिडकी आणि भरताची एक किलो वांगी. मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊ नये. तो उत्तर देतो, पण प्रश्न बरोबर होता का ते सांगत नाही. वांगी शेवटी लागतील, तोवर टोपलीत राहू द्या.

पाठ पहिला: शेजारी मोजणे

कॅनडाला शेजारी किती? "एक, अमेरिका" म्हणाल तर अर्धे गुण. ८,८९१ किलोमीटरची सीमा त्या दोघांत आहे, जगातली सगळ्यात लांब. पण उत्तर ध्रुवाच्या बाजूला हान्स नावाचा एक उघडाबोडका खडक आहे, जेमतेम सव्वा चौरस किलोमीटरचा. त्यावर कॅनडा आणि डेन्मार्क दोघांचा दावा. एकाने यावं, आपला झेंडा आणि दारूची बाटली ठेवून जावं. मग दुसऱ्याने येऊन तेच करावं. अखेर १४ जून २०२२ रोजी दोघांनी मधून बांध घातला आणि डेन्मार्क कॅनडाचा जमिनीवरचा शेजारी झाला. बांधाचा वाद इतक्या शांततेत मिटू शकतो हे खान्देशात सांगून कोणाला पटत नाही. हान्स बेटावर राहण्याचा खर्च शून्य, कारण तिथं कोणी राहतच नाही.

तिसरा शेजारी फ्रान्स. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यासमोर सेंट पिएर आणि मिकलों ही बेटं फ्रान्सची आहेत आणि तिथं युरो चालतो. नवशिक्याने तिकडं वळू नये. आपला हिशेब अमेरिकेपुरता.

सीमा म्हणजे काय ते समजत नसेल तर नवापूरला जा. रेल्वे स्टेशन एकच, पण अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकावर मध्ये बसलात तर दोन्ही राज्यांत बसता. पेट्रोल गुजरातेत स्वस्त, म्हणून महाराष्ट्राच्या बाजूची माणसं टाकी भरायला पलीकडे जातात. कॅनडा-अमेरिकेच्या सीमेवरही असंच एक वाचनालय आहे: हॅस्केल, १९०४ सालची इमारत, अर्धी अमेरिकेच्या व्हरमाँटमध्ये, अर्धी कॅनडाच्या क्वेबेकमध्ये. आत जमिनीवर सीमेची काळी रेघ आखली आहे. फरक एवढाच, की नवापुरात रेघ ओलांडून पलीकडे बाहेर पडायला व्हिसा लागत नाही.

पाठ दुसरा: पाढे

दर रोज हलतो, म्हणून अभ्यासापुरता धरा: कॅनडाचा डॉलर ६० रुपये, अमेरिकेचा ८५. अमेरिकेचा भाव कॅनडाच्या डॉलरमध्ये आणायचा तर दिडकी म्हणा आणि थोडं अलीकडे थांबा. शाळेत मार खाऊन पाठ केलेली दिडकी पन्नास वर्षांनी कामाला येते ती इथं.

हा पाठ आमच्या आप्पांना सगळ्यात लवकर जमला. ते ब्रॅम्प्टनला मुलाकडे गेले आणि विमानतळाबाहेर दोन डॉलरची कॉफी पाहून म्हणाले, "एकशे वीस रुपये!" पोरगा म्हणाला, "आप्पा, गुणू नका ना." पण साठचा पाढा हा उचकीसारखा असतो, थांबवू म्हटल्याने थांबत नाही. पहिले पंधरा दिवस आप्पांनी बाहेर काही खाल्लं नाही.

पाठ तिसरा: मापं

अमेरिकेत पेट्रोल गॅलनने, कॅनडात लिटरने. एक गॅलन म्हणजे पावणेचार लिटर आणि वर चमचाभर. कॅनडाने १९७० च्या दशकात किलो-लिटर स्वीकारले खरे, पण भाजीच्या दुकानात आजही पाटीवर पाऊंडाचा भाव ठळक आणि किलोचा बारीक असतो. पाऊंड म्हणजे अर्ध्या किलोला थोडा कमी. केळी ७० सेंट वाचून हरखू नका. तो पाऊंडाचा भाव आहे. किलोला १ डॉलर ५४ सेंट, म्हणजे ९२ रुपये. आणि ती केळी ना कॅनडाची, ना अमेरिकेची. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून बोटीने आलेली.

मापाची चूक किरकोळ समजू नये. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या विमानात २२,३०० किलो इंधन हवं होतं. हिशेब पाऊंडात झाला आणि निम्म्याहून कमी भरलं गेलं. विमान आकाशातच कोरडं पडलं. वैमानिकांनी ते पतंगासारखं तरंगत आणून गिमली या गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं आणि सगळे वाचले. तुमचा पोरगा "इथं सगळं स्वस्त आहे" म्हणाला, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: पाऊंडाला की किलोला?

पाठ चौथा: पाटीवरचा भाव आणि गल्ल्यावरचा भाव

आपल्याकडे पुडक्यावर छापलेल्या किमतीत कर धरलेला असतो. कॅनडात पाटीवर लिहिलेला भाव ही नुसती सुरुवात. ओंटारिओ प्रांतात (टोरांटो, ब्रॅम्प्टन यातच) गल्ल्यावर त्यात १३ टक्के कर चढतो, अल्बर्टा प्रांतात ५. अमेरिकेतही तीच तऱ्हा: सीमेपलीकडच्या बफेलो शहरात पावणेनऊ टक्के, आणि ऑरेगन, माँटाना, न्यू हॅम्पशायर, डेलावेअर या राज्यांत विक्रीकरच नाही. पीठ, दूध, भाजी अशा रोजच्या जिनसांवर ओंटारिओत हा कर लागत नाही. म्हणजे १०० डॉलरचं जाकीट ११३ ला पडतं, पण १०० डॉलरचा किराणा साधारण १०० लाच.

हॉटेलात जेवलात तर वर १५ ते २० टक्के बक्षिसी. ती न देणारा माणूस चांगल्या घरचा धरत नाहीत. रोखीने दिलेत तर बिल पाच सेंटच्या पटीत गोल होतं, कारण एक सेंटचं नाणं २०१३ पासून दुकानात दिलं जात नाही. सुट्ट्यांऐवजी गोळी हातावर ठेवायची आपली सोय त्यांना सुचलेली नाही.

पाठ पाचवा: पलीकडचा बाजार

टोरांटोपासून बफेलो सुमारे १६० किलोमीटर. तिकडून पेट्रोल, दूध, चीज भरून आणण्याची तिथं जुनी रीत आहे. पेट्रोलचा हिशेब मांडू. ओंटारिओत लिटर १ डॉलर ४० सेंट धरा: ८४ रुपये. पलीकडे गॅलन ३ अमेरिकी डॉलर २० सेंट धरा: लिटरला ७२ रुपये. जामनेरात लिटर १०५ धरा. आता पाटी खाली ठेवून पाणी प्या. होय, गुणाकार बरोबर आहे. तीन गावांत सगळ्यात महाग पेट्रोल आपलं.

दूध कॅनडात महाग का, ते शेतकऱ्याच्या घरात सांगायलाच हवं. तिथं दुधाच्या उत्पादनाला कोटा आहे, बाहेरच्या मालावर जबर आयातकर आहे आणि उत्पादकाला मिळणारा भाव उत्पादनखर्च धरून ठरतो. १९७० च्या दशकापासून ही व्यवस्था चालू आहे. म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं आणि गोठेवाला निवांत झोपतो. आप्पांची भावकी रावेरकडे केळी लावते. लिलावात केळीचा भाव एका महिन्यात वर जाताना आणि दुसऱ्या महिन्यात मातीत जाताना त्यांनी पाहिला आहे. कॅनडाची ही व्यवस्था ऐकल्यावर दुधाच्या भावाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

पलीकडून आणलेल्या मालाचा नियम: २४ तासांच्या आत परतलात तर करसवलत काही नाही. २४ तास राहिलात तर २०० डॉलर, ४८ तास राहिलात तर ८०० डॉलरपर्यंतचा माल करमुक्त. म्हणजे चीजचे पैसे वाचवायला जाऊन लॉजचं भाडं भरायचं. शिवाय २०२५ मध्ये आयातकराचं भांडण पेटल्यापासून कितीतरी कॅनडावाल्यांनी अमेरिकेची वारी आणि खरेदी रागाने सोडली. भाऊबंदकी लागली की स्वस्त तेलही घरात येत नाही, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

सावधान: भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा असला, तरी अमेरिकेत पाऊल टाकायला अमेरिकेचा वेगळा व्हिसा लागतो. नायगाराला गेलात तर मधल्या पुलावर उत्साहाने चालू लागू नका. नालाकृती मोठा धबधबा कॅनडाच्याच बाजूने समोरून दिसतो, आणि बघायला पैसे पडत नाहीत.

पाठ सहावा: छप्पर, दवाखाना, गाडी

टोरांटोत एका खोलीचा फ्लॅट महिना दोन हजार डॉलरच्या वर. म्हणून पोरं चौघं मिळून बेसमेंट घेतात. आपल्याकडे जुन्या वाड्यांत तळघरात धान्य ठेवत; तिकडं पोरं ठेवतात, आणि भाडं पोरांकडूनच घेतात.

कॅनडात तिथल्या रहिवाशांना डॉक्टर आणि दवाखाना सरकारी योजनेतून मिळतो, अमेरिकेत सगळा खेळ विम्यावर. पण पाहुण्या आई-वडिलांना कॅनडाची योजना लागू नाही. आई-वडिलांना मिळणाऱ्या सुपर व्हिसासाठी किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा दाखवावा लागतो. हे वाचून आप्पा ओट्यावर खाली बसले. एक लाख हा विम्याचा आवाका आहे, हप्ता नव्हे, हे कळल्यावर उठले. दात मात्र जामनेरातच काढून जावेत.

प्रवासाचं काय? टोरांटोत बस-मेट्रोचं तिकीट कार्डावर ३ डॉलर ३० सेंट, त्यात दोन तास कितीही गाड्या बदला. आपली पाचोरा-जामनेर छोटी रेल्वे, लाडकी पीजे, २०२० मध्ये थांबली. तेव्हापासून आपली सगळी तुलना एसटीशी. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना फुकट. टोरांटोत बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना फुकट. म्हणजे प्रवास स्वस्त कुठं, ते देशावर नाही, वयावर ठरतं.

पाठ सातवा: पाढा पुसणे

इथवर शिकलेलं सगळं आता पाटीवरून पुसा. डॉलरला साठने गुणून जो भाव निघतो, तो ना तिथल्या माणसाचा असतो, ना इथल्या. खरं माप वेगळं: वस्तू घ्यायला किती वेळ राबावं लागतं?

ओंटारिओत १ ऑक्टोबर २०२५ पासून किमान मजुरी तासाला १७ डॉलर ६० सेंट. इथं रोजंदारी आठ तासांची ४०० धरा, म्हणजे तासाला ५० रुपये. आता मोजा.

किलोभर केळी: तिथं सव्वापाच मिनिटं. इथं, केळीच्या जिल्ह्यात, ४० रुपये किलो धरले तर ४८ मिनिटं.

लिटरभर पेट्रोल: तिथं पाच मिनिटांच्या आत. इथं दोन तास सहा मिनिटं.

केसांची कटिंग: तिथं बक्षिसी धरून २८ डॉलर, म्हणजे ९५ मिनिटं. इथं ८० रुपये, म्हणजे ९६ मिनिटं. जिथं माणसाच्या हाताचं काम आलं, तिथं दोन्ही गावं एका ओळीत बसली.

खोलीचं भाडं: तिथं दोन हजार डॉलर, म्हणजे ११४ तास. इथं तीन हजार रुपये धरले तर ६० तास.

म्हणजे खाणं आणि फिरणं तिथं स्वस्त, हातकाम सारखं, छप्पर महाग. अमेरिकेला हेच माप लावा. तिथली देशपातळीवरची किमान मजुरी २००९ पासून सव्वासात डॉलरवर अडकून आहे. बऱ्याच राज्यांनी आपली वाढवली आहे, पण जिथं वाढवली नाही, तिथं ते "स्वस्त" पेट्रोल लिटरला सात मिनिटांचं पडतं. रुपयांत ते कॅनडापेक्षा स्वस्त होतं, घामात महाग निघालं.

पाठ आठवा: प्रात्यक्षिक

टोपलीतली वांगी काढा. इथं ४० रुपये किलो, पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, हिरवी मिरची-लसूण घालून ठेचली, कांद्याची पात टाकली, कळण्याच्या भाकरीबरोबर वाढली. तिथं देशी दुकानात पाऊंड ३ डॉलर धरा: किलोला ६ डॉलर ६० सेंट, कामाची साडेबावीस मिनिटं. स्वस्त. मग आप्पांनी ती गॅसवर भाजायला घेतली आणि घरातला धुराचा भोंगा वाजला. भोंगा बंद करायला पोरगा टॉवेल हलवत खुर्चीवर चढला, वर राहणारी घरमालकीण खाली आली. वांगी परातीत अर्धी कच्ची राहिली. हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा ते आप्पांना अजून ठरवता आलेलं नाही.

नेहमीची चूक: उलटा पाढा

परतल्यावर काहींना भागाकाराचा आजार होतो. आप्पा आठवडे बाजारात गेले आणि म्हणाले, "वांगी चाळीस? म्हणजे सदुसष्ट सेंट!" आणि घासाघीस न करता तीन किलो घेतली. भाजीवाली मावशी आता त्यांना लांबूनच हाक मारते. या आजारावर औषध एकच, पेन्शनचं पासबुक उघडून बघणे.

शेवटचा नियम

गुणाकार कायमचा सोडायचा नाही, एका जागी तो करावाच लागतो. १ सप्टेंबर २०२५ पासून शिकायला जाणाऱ्या एकट्या विद्यार्थ्याला फी आणि प्रवास सोडून २२,८९५ डॉलर पदरी असल्याचं दाखवावं लागतं. ते गुणा: १३ लाख ७३ हजार ७०० रुपये. हे पैसे कपाशी विकून, शेत गहाण ठेवून किंवा बँकेच्या कर्जातून रुपयांतच उभे राहतात आणि हप्ताही रुपयांतच जातो. तेव्हा कॉफीला गुणू नका, कर्जाला गुणा. पोराचा फोन आला की दुधाचा भाव विचारण्याआधी एवढंच विचारा: महिन्याला हातात किती येतात, आणि भाडं देऊन किती उरतात?