तीन गिटारी आणि एक कालनिर्णय

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. दरवर्षी कुणीतरी डोंबिवलीहून सुटकेसच्या तळाशी गुंडाळून आणतं. त्यावर बायकोच्या अक्षरात कचऱ्याच्या गाडीचे वार, मुलीच्या दातांच्या डॉक्टरची वेळ, आणि २०२५च्या पानावर, २७ मे या चौकोनात, माझ्या अक्षरात 'बुडापेस्ट'. त्याखाली 'अमेरिका??'

सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. त्यांनी चष्मा लावून ते वाचलं.

"जावईबापू, बुडापेस्टला कोण चाललंय?"

"आयर्न मेडन."

सासूबाई इंग्रजीच्या निवृत्त बाई. 'मेडन' म्हणजे काय ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक. त्यांनी आधी माझ्याकडे, मग लेकीकडे पाहिलं.

"बँड आहे गं आई," बायको म्हणाली. "म्हातारे आहेत सगळे."

म्हातारे म्हटल्याचा मला राग आला, पण इलाज नव्हता. स्टीव्ह हॅरिसने हा बँड लंडनमध्ये १९७५ साली काढला. म्हणजे २०२५ला पन्नाशी. त्यानिमित्त दौरा काढला, आणि १९८० ते १९९२ या काळातल्या पहिल्या नऊ अल्बममधलीच गाणी वाजवायचं ठरवलं. म्हणजे नेमकी ती, जी आम्ही कॅसेटी पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून ऐकली. पण २०२५चा सगळा उन्हाळा युरोपात. त्या वर्षी अमेरिकेच्या नावाने पाटी कोरी.

पाटी कोरी दिसली की आमच्यातला पंचांगकर्ता जागा होतो. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं आमच्या बेसमेंटमध्ये पोहे घेऊन बसतो आणि मेडन अमेरिकेत कधी येणार याचा मुहूर्त काढतो. पुणेकराची पद्धत शास्त्रीय. तो न्यूअर्कच्या प्रुडेन्शियल सेंटरचं हॉकीचं वेळापत्रक घेऊन येतो आणि ज्या रात्री सामना नाही त्या रात्रीभोवती हिरव्या पेनाने गोल काढतो. नागपूरकर गायकाच्या मागावर असतो. "ब्रूस डिकिन्सन स्वतःचा वेगळा बँड घेऊन ऑगस्टात अमेरिकेत येऊन राहिला नं भाऊ! म्हणजे सप्टेंबर गेला." कोल्हापूरकर पोहे संपवून एवढंच विचारतो, "तिकीट कितीला बसंल?" या प्रश्नानंतर थोडा वेळ शांतता असते.

मी या चौघांत ज्येष्ठ, कारण मी मेडनला मुंबईत पाहिलंय. १ फेब्रुवारी २००८, शुक्रवार, बांद्रा-कुर्ला संकुलाचं मैदान. त्या जागतिक दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम आपल्याकडे होता, आणि बोईंग ७५७ चालवत आणणारा वैमानिक खुद्द गायक होता. विमान चालवून यायचं आणि मग दोन तास किंचाळायचं! मी ऑफिसातून पोट बिघडल्याचं सांगून निघालो होतो. घरी आलो तेव्हा आवाज इतका बसला होता, की आईला पोटाचं खरंच वाटलं. तेव्हाचा काळा टी-शर्ट, छातीवर बँडच्या एडी या मॅस्कॉटचा सांगाडा, मी इकडे येताना घरी ठेवून आलो. पुढच्या भेटीत तो बादलीच्या कडेला वाळत होता. "फरशी काय छान पुसली जाते रे," आई म्हणाली. एडीचा एकच डोळा शिल्लक होता.

२०२४ साली मेडन ब्रुकलिनला आले २ नोव्हेंबरला. म्हणजे पाडव्याला. बायकोला म्हटलं, सकाळीच ओवाळून घे. तिने ओवाळलं, आणि ओवाळणीत माझ्या तिकिटाच्या किमतीएवढेच पैसे मागितले, एक डॉलर कमी नाही. ते तिकीट मला दुप्पट पडलं. पण त्या दौऱ्यात त्यांनी १९८६ सालचं अलेक्झांडरवरचं ते लांबलचक गाणं वाजवलं, जे २०२३पर्यंत एकदाही मंचावर वाजवलं नव्हतं. "मी म्हणतच होतो," पुणेकर म्हणाला. खरंच म्हणत होता. दर दौऱ्याला म्हणत होता. आपलं हवामान खातंही असंच कधीतरी बरोबर येतं.

त्याच डिसेंबरात साओ पाउलोला मेडनचा ड्रमवाला निको मॅकब्रेन दौऱ्यांतून निवृत्त झाला. तेव्हापासून मुहूर्ताला घाई चढली आहे. तशी या धंद्यात निवृत्ती फार मनावर घ्यायची नसते. आपल्या नाटकांच्या जाहिरातीत 'शेवटचे पंचवीस प्रयोग' वाचून जे धावले, त्यांना 'लोकाग्रहास्तव'चा अर्थ सांगायला नको. मॉटली क्रूने २०१४ साली यापुढे दौरा करणार नाही असा करारच सह्या करून जाहीर केला आणि २०१९ साली तो चक्क स्फोटात उडवला. स्कॉर्पियन्स २०१०पासून निरोप घेत आहेत. ऑझी ऑस्बर्नच्या १९९२च्या दौऱ्याचं नावच 'यापुढे दौरे नाहीत' या अर्थाचं होतं. तीन वर्षांत तो परत.

तोच ऑझी २०२५च्या ५ जुलैला बर्मिंगहॅमला सिंहासनावर बसून गायला आणि २२ जुलैला गेला. त्यानंतरच्या रविवारी हॉकीचं वेळापत्रक कुणी उघडलं नाही. पोहेही उरले.

त्या दिवशी सासूबाई चहा घेऊन खाली आल्या. चार प्रौढ माणसं गप्प बसलेली पाहून त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी विचारलं, "तुमच्या त्या मुख्य माणसाची जन्मतारीख काय?"

"स्टीव्ह हॅरिस! १२ मार्च १९५६," चौघंही एका सुरात. बायकोचा वाढदिवस मला इतक्या झटकन आठवत नाही, हे तिने जिन्यावरून ऐकलं.

"म्हणजे येत्या मार्चात सत्तर पूर्ण. भीमरथी शांत," सासूबाई म्हणाल्या. "ती घरी करायची असते. तेव्हा नाही यायचे." नागपूरकराने हे वहीत टिपून घेतलं. त्यांनी बोटांच्या पेरांवर पुढचा हिशोब सुरू केला. "गिटारवाले तीन म्हणालात ना? तेही त्याच वयाचे? मग बरंय, सगळ्यांचं सहस्रचंद्रदर्शन एकाच सुमाराला येईल. ऐंशी वर्षं आणि आठ महिने. तुमच्या माणसाचं येतं…" पेरं संपली, परत पहिल्यापासून मोजली. "२०३६, नोव्हेंबर. तेव्हा मोठा कार्यक्रम करतात. लोकांना बोलावतात."

पुणेकराने हळूच हिरवं पेन काढलं. न्यूअर्कचं २०३६चं हॉकीचं वेळापत्रक अजून लागलेलं नाही. लागलं की तो कळवणार आहे. एक तिकीट सासूबाईंचं धरलंय.