आळ सुनेवर, चोर निराळाच

अहो वैनी, ऐकलंत का? जरा सरका इकडं, कुंपणापाशी. कोपऱ्यावरच्या आप्पांचं, ते डायलिसिसवर आहेत ना, हिमोग्लोबिन म्हणे साडेसातवर आलंय! आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आत्याबाईंनी हो, अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं, "सून धड खायला घालत नाही, रक्त कुठनं येणार?" त्या पोरीचं तोंड बघवत नव्हतं. आत्याबाई म्हणजे तरी... जाऊ दे, माझ्या तोंडून नको.

तर काय सांगत होते, मग आत्याबाईंनीच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. सकाळी बिटाचा रस, दुपारी पालक, येता-जाता शेंगदाणे-गूळ, तोही गुऱ्हाळावरनं आणलेला. माळ्यावरची लोखंडी कढई उतरली. आठ दिवसांनी डायलिसिसला गेले, तर हिमोग्लोबिन होतं तिथंच आणि पोटॅशियम सहाच्या वर! अहो, हृदय बंद पडायचं काम ते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे कुणाचं डोकं?" सून गप्प. आत्याबाई पंख्याकडं बघायला लागल्या.

आप्पांच्या धाकट्याची तऱ्हा निराळीच. तालमीतली पोरंच घेऊन हजर! "मॅडम, किती बाटल्या पाहिजेत? लाईन लावतो." बाई म्हणाल्या, होता होईल तो दुसऱ्याचं रक्त नकोच, पुढं किडनी बदलायची वेळ आली तर त्या रक्तानं झालेल्या अँटिबॉडी आडव्या येतात, जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. चांगले दंड काढलेले गडी, पण चेहरे असे पडले... जाताना मिसळ मात्र खाऊन गेले म्हणे.

खरी गंमत तर रिपोर्टात. फेरिटिन चारशे ऐंशी! आत्याबाई लगेच फुलल्या, "बघा, माझ्या गुळानं लोह भरलं." बाईंनी शेजारच्या आकड्यावर बोट ठेवलं. लोहाचं सॅच्युरेशन चौदा टक्के. म्हणजे कणगी भरलेली, पण चुलीपर्यंत दाणा पोचत नाही. आणि कुलूप कुणी लावलंय? लिव्हरनं! हेपसिडिन का काय ते सोडतं. किडनीच्या दुखण्यात ते वाढतं, मग आतड्यातलं लोह रक्तात येत नाही आणि साठ्यातलं सुटत नाही. म्हणून आता डायलिसिसच्या वेळीच शिरेतनं लोह द्यायचं ठरलंय.

आणि मी आपली समजत होते, किडनी म्हणजे नुसती गाळणी. तर हाडातल्या मगजाला "रक्त बनव" असा सांगावा तीच धाडते हो, एरिथ्रोपोएटिन! ती थकली की सांगावा बंद. त्याचंच इंजेक्शन देतात. फार्मसीला असलेली नात सांगत होती, शरीराला ऑक्सिजन कमी पडलेला कसा कळतो ह्याला २०१९ चं नोबेल मिळालं, त्यातली बरीचशी शोधाशोध ह्या सांगाव्यापासनंच निघाली. आता तर तो सांगावा वाढवणारी गोळीपण आलीय, डेसिडुस्टॅट, अहमदाबादच्या कंपनीची, २०२२ पासनं.

आत्याबाई गप्प बसतील तर शपथ! "मग पंधराच करून टाका की." बाई म्हणाल्या, "दहा-अकरा बास. जास्त ताणलं तर पॅरालिसिसची भीती." आणि मग चष्मा काढून, सगळ्यांदेखत, "रक्त किडनीनं कमी झालंय, सुनेच्या जेवणानं नाही." वैनी, पोरीनं मान वर केली ती पहिल्यांदा. आत्याबाईंचं तोंड मात्र... भिजलेल्या पोह्यागत.

गुळाची ढेप उरलीय. त्यांनी सुनेच्याच हातानं माझ्याकडं धाडली. निम्मी देऊ का?