साबुदाण्यासाठी तिसरा एक्झिट

सार्वजनिक बांधकाम खात्यात हयात घालवलेला माणूस रस्ता चुकत नाही. रस्ताच चुकीचा बांधलेला असतो. बेसिंगस्टोकबद्दल हे मी लेखी द्यायला तयार आहे. हॅम्पशायरमधल्या या गावात राउंडअबाउट इतके, की लोक त्याला 'डोनट सिटी' म्हणतात. लंडनची जादा वस्ती इकडे हलवायचा करार 1961 साली झाला आणि जुन्या बाजारगावाचा मधला भाग पाडून नवं शहर उठवलं गेलं. काम चोख आहे. खड्डा एकही नाही, आणि तीच पंचाईत. पुण्यात मी खड्ड्यांच्या खुणेवर घरी पोचतो.

उद्या आषाढी एकादशी आणि मुलाच्या घरातला साबुदाणा संपलेला. "बाबा, शनिवारी साउथॉलला जाऊ," चिरंजीव म्हणाले. एकादशी शनिवारपर्यंत थांबत नसते, हे सॉफ्टवेअरवाल्यांना कोण सांगणार?

"अहो, तुम्ही नुसते बसलाच आहात," ही म्हणाली. "मध्यम दाण्याचा आणा. बारीक नको, गिचका होतो."

सुपरमार्केटात 'वर्ल्ड फूड' अशी पाटी होती. खाली आंब्याची गोड चटणी, पापड आणि करीच्या बाटल्या. जग संपलं.

पुढचं दुकान गुजराती वळणाचं. 1972 साली इदी अमीननं युगांडातून हाकललेली हजारो माणसं या देशात आली आणि त्यातल्या कितीतरी जणांनी नव्यानं दुकानं थाटली. त्यामुळे हांडव्याचं पीठ मिळतं, ढोकळ्याचं मिळतं. थालीपिठाची भाजणी मागितली की दुकानदार सहानुभूतीनं बघतो. चीड त्याची नाही, आपली येते. आपण मराठी माणसं इथे आलो ती नोकरीला. भाजणीवाचून हळहळायला सगळे तयार, गल्ल्यावर बसायला कोणी नाही.

वाटेत बाजारचौकात जेन ऑस्टिनचा पुतळा लागला, 2017 सालचा. बाई जवळच्याच स्टीव्हंटनच्या. साबुदाण्याबाबत त्यांचा उपयोग नव्हता.

अखेर तो सापडला नेपाळी दुकानात. 2009 साली निवृत्त गुरखा सैनिकांना ब्रिटनमध्ये कायम राहायचा हक्क मिळाला, आणि या भागात नेपाळी वस्ती वाढली. फळीवर गुंद्रुक, चिउरा, वाई वाई. खाली केरळचा मट्टा तांदूळ. दुकानदारानं दोन पाकिटं उजेडात धरली, एक परत ठेवलं. "अंकल, खिचडीवाला ये है।"

परतताना पाऊस. इथे पादचाऱ्यांना रस्त्याखालच्या बोगद्यातून जावं लागतं. उतारावरच लक्ष्मी रोडच्या साडीवाल्यानं दिलेल्या पिशवीचा बंद तुटला. पाकीट आपटलं, फुटलं, आणि साबुदाणा निघाला. उतार इतका अचूक काढलेला, की एक दाणा वाटेत रेंगाळला नाही. सगळे शिस्तीत गटाराच्या जाळीकडे. अभियंता म्हणून ऊर भरून आला, नवरा म्हणून पाय लटपटले.

समोरून एक आजीबाई चाकांची पिशवी ओढत आल्या. काही न विचारता त्यांनी ती जाळीपुढे आडवी लावून बांध घातला. खात्यात असत्या तर मी बढतीची शिफारस केली असती. मग चार दाणे तळहातावर घेऊन तोंड वाकडं केलं.

"टॅपिओका! शाळेत दुधात शिजवून घालायचे आम्हाला. बेडकाची अंडी म्हणायचो."

"उद्या आमचा उपास आहे. म्हणून हे खायचं."

"शिक्षा म्हणून?"

विठ्ठलाच्या वतीनं मी काय बोलणार? कंद मूळचा दक्षिण अमेरिकेचा, त्याचा साबुदाणा होतो तमिळनाडूत सेलमकडे. तो उपासाला चालतो आणि शेतातला तांदूळ चालत नाही. हे आईला विचारायची माझी छाती झाली नाही, परक्या बाईंना काय समजावणार?

निम्मा साबुदाणा पाकिटात शाबूत होता. आजींनी डोक्यातली पिन काढून पाकिटाच्या तोंडाला लावली. "आमचे हे गेल्यापासून मीही एकटीच येते बाजाराला," त्या सहज म्हणाल्या, आणि बोगद्याच्या नेमक्या तोंडातून मला वर काढलं. मला थँक्यूसुद्धा नीट म्हणता आलं नाही.

आता मी गावातल्या किराणा दुकानांचा नकाशा काढला आहे. प्रमाण आणि उत्तर दिशेसकट. हिच्या भिशीत त्याच्या प्रती फिरतात.

"बाबा, हे सगळं गूगलवर आहे."

"असेल. दाणा मध्यम की बारीक, ते सांगतं का तुझं गूगल?"